पहिली आवृत्ती कोणाच्या कपाटात?

१८९२ सालचा डिसेंबर. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं डेटन शहर. एका ऑफिसच्या इमारतीत वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा लिफ्ट चालवतोय. पगार आठवड्याला चार डॉलर. शाळेत हा पोरगा शाळेच्या पेपरचा संपादक होता, वर्गात एकटाच कृष्णवर्णीय होता आणि ऑर्व्हिल राइट, म्हणजे पुढे विमान उडवणारा तोच, त्याच्याबरोबर शिकत होता. पण शाळा संपल्यावर ऑफिसातली नोकरी मागायला गेला तर रंग आडवा आला. मिळाली ती लिफ्ट.

या मुलाने कवितांचं पुस्तक छापून घेतलं. खर्च १२५ डॉलर, तेही उधारीवर. मग लिफ्टमध्ये जो चढेल त्याला तो पुस्तक विकायचा. किंमत एक डॉलर. वर-खाली करता करता दोनेक आठवड्यांत उधारी फिटली. मुलाचं नाव पॉल लॉरेन्स डनबार. पुस्तकाचं नाव ‘ओक अँड आयव्ही’. आतल्या पानावर साल १८९३ छापलंय, पण पुस्तक आलं त्याच्या आधीच्या ख्रिसमसला. संग्राहक मंडळी असल्या तपशिलांवर जीव टाकतात.

आता आजचा सीन बघा. न्यूयॉर्कमधल्या लिलावघरांत आफ्रिकन-अमेरिकन पुस्तकांचे आणि कागदपत्रांचे खास लिलाव होतात. डनबारच्या मागून आलेल्या पिढीचे, म्हणजे लँग्स्टन ह्यूज, क्लॉड मकाय, काउंटी कलन, जीन टूमर यांचे पहिल्या आवृत्तीचे संग्रह तिथे येतात. मूळ कागदी वेष्टन शाबूत असेल तर हजारो डॉलर मोजले जातात. वेष्टन नसेल तर भाव धाडकन खाली. कविता दोन्हींत तीच. फरक फक्त वरच्या कागदाचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी रिअॅक्शन एकदम सरळ होती. हा श्रीमंतांचा चोचला आहे! ज्या कवींना हयातीत भाड्याची चिंता होती, त्यांची पुस्तकं आता काचेच्या कपाटात कुलूपबंद. आणि ज्या वस्तीत ती लिहिली गेली तिथल्या मुलांना ती बघायलाही मिळणार नाहीत. बास, विषय संपला.

पण विषय संपला नाही. जसजसं वाचत गेले तसतसं माझं मत डळमळत गेलं. आज जिथे येऊन पोचले आहे, ते तुमच्यापुढे मांडते. पटलं तर घ्या.

ही सगळी आपल्याच वयाची पोरं

आधी थोडं बॅकग्राउंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दक्षिणेतल्या राज्यांमधून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या शहरांत आली. दक्षिणेत कायद्याने भेदभाव होता, झुंडी माणसांना फासावर लटकवत होत्या, कापसाच्या शेतात मरमर राबूनही हाती काही उरत नव्हतं. उत्तरेत कारखाने होते. न्यूयॉर्कचा हार्लेम हा भाग अशा माणसांनी भरून गेला आणि १९२०च्या दशकात तिथे कविता, संगीत, चित्रं यांचा एक स्फोटच झाला. त्यालाच हार्लेम रेनेसाँ म्हणतात.

आपल्याला हे नाव अभ्यासक्रमात भेटतं आणि डोळ्यांपुढे सूट घातलेले गंभीर चेहऱ्याचे म्हातारे येतात. प्रत्यक्षात काय होतं? काउंटी कलनचा ‘कलर’ हा पहिला संग्रह आला १९२५ मध्ये. त्याच वर्षी तो न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून पदवीधर झाला, वय २२. लँग्स्टन ह्यूज १९२५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात टेबलांवरच्या बशा उचलत होता. तिथे जेवायला आलेल्या व्हॅचेल लिंडसे या नावाजलेल्या कवीच्या ताटाजवळ त्याने आपल्या कविता ठेवून दिल्या. बोलायचं धाडस झालं नाही. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द वेअरी ब्लूज’ आलं, तेव्हा तो पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीत नुकताच दाखल होत होता. म्हणजे पहिलं पुस्तक बाजारात आणि स्वतः कॉलेजात!

त्याच १९२६ मध्ये या टोळक्याने ‘फायर’ नावाचं मासिक काढलं. संपादक वॉलेस थर्मन, मुखपृष्ठ आरन डग्लसचं, आत ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट वगैरे. ज्येष्ठांना शोभेल असं, सभ्य, ‘आपल्या लोकांची चांगली बाजू दाखवणारं’ काही लिहायचं नाही, असा त्यांचा हट्ट. ज्येष्ठ भडकले. पैसे संपले. एकच अंक निघाला. न विकलेले गठ्ठे ज्या तळघरात ठेवले होते तिथे आग लागली आणि ‘फायर’ आगीतच गेलं. छपाईचं कर्ज थर्मन पुढची काही वर्षं फेडत बसला.

आता या मासिकाची मूळ प्रत कुठे सापडली तर ती दुर्मीळ का असते, हे वेगळं सांगायला नको. ते सुरुवातीपासून मौल्यवान मानून जपलेलं नव्हतं. कोणीतरी एक प्रत उशाखाली, ट्रंकेत, पुस्तकांच्या मागे ठेवली म्हणून ती वाचली. दुर्मीळ हा शब्द ऐकायला भारी वाटतो. त्याचा साधा अर्थ असा, की बाकीच्यांनी फेकून दिलं.

पीडीएफ आहे की!

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेलच. ‘द वेअरी ब्लूज’वरचा अमेरिकेतला कॉपीराइट २०२२च्या १ जानेवारीला संपला. ‘कलर’ त्याआधी वर्षभर मोकळं झालं. जीन टूमरचं ‘केन’ २०१९ मध्ये. मोबाइलवर दोन मिनिटांत फुकट वाचता येतं. मग शंभर वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद कशाला हवा?

माझंही हेच म्हणणं होतं. पण पहिली आवृत्ती तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी नंतरचे समग्र संग्रह सांगत नाहीत. त्या दिवशी, त्या वाचकापुढे, नेमकं काय ठेवलं गेलं आणि काय ठेवलं गेलं नाही.

क्लॉड मकायचं उदाहरण घ्या. जमैकात वाढलेला हा कवी. १९१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय वस्त्यांवर हल्ले केले. त्यावर त्याने ‘इफ वी मस्ट डाय’ ही कविता लिहिली. ‘लिबरेटर’ मासिकात ती आली आणि कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. मकायची ही सर्वांत गाजलेली कविता. १९२० मध्ये लंडनला त्याचा ‘स्प्रिंग इन न्यू हॅम्पशायर’ हा संग्रह निघाला. उघडा आणि शोधा. कविता नाहीच! फ्रँक हॅरिस या संपादकाने त्यावरून त्याला चांगलंच झापलं. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये न्यूयॉर्कला ‘हार्लेम शॅडोज’ आलं, त्यात ती आहे.

आज मकायच्या समग्र कविता वाचल्या तर सगळं एका ओळीत नीट मांडलेलं दिसतं. गाळलेली जागा दिसत नाही. एखाद्या कवीला आपली सर्वांत धगधगती कविता पुस्तकाबाहेर ठेवावी लागते, मग पुन्हा आत आणावीशी वाटते, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती कळते १९२० आणि १९२२ची दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावर.

दुसरी गोष्ट प्रस्तावनांची. डनबारच्या १८९६च्या ‘लिरिक्स ऑफ लोली लाइफ’ला प्रस्तावना विल्यम डीन हॉवेल्स या बड्या गोऱ्या समीक्षकाची. ‘हार्लेम शॅडोज’ला मॅक्स ईस्टमनची. ‘केन’ला वॉल्डो फ्रँकची. ‘द वेअरी ब्लूज’ला कार्ल व्हॅन व्हेक्टनची. चौघेही गोरे. जणू पुस्तकाच्या दारात एक ओळखीचा माणूस उभा केलाय, जो येणाऱ्या गोऱ्या वाचकाला सांगतोय, ‘या, आत या, पोरगं चांगलं आहे.’ ही प्रथा जुनीच. १७७३ मध्ये फिलिस व्हीटली या गुलाम मुलीचं कवितांचं पुस्तक निघालं तेव्हा ‘या कविता हिनेच लिहिल्या आहेत’ असं बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांनी लिहून दिलं होतं आणि ते पत्रक पुस्तकात छापलं होतं. स्वतःच्या कविता स्वतःच लिहिल्या, याचा दाखला!

आता याच्या शेजारी जॉर्जिया डग्लस जॉन्सनची पुस्तकं ठेवा. वॉशिंग्टनमधल्या आपल्या घरी शनिवारी लेखकांची बैठक भरवणारी ही कवयित्री. तिच्या १९१८च्या ‘द हार्ट ऑफ अ वुमन’ला प्रस्तावना विल्यम स्टॅन्ली ब्रेथवेट यांची आणि १९२२च्या ‘ब्राँझ’ला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांची. दोघेही कृष्णवर्णीय. इथे दारात उभा असलेला माणूस घरचा आहे. मात्र एका बाईची ओळख करून द्यायला पुरुषच लागतो, हेही आहेच. आधुनिक आवृत्त्यांमध्ये या प्रस्तावना बरेचदा गळतात किंवा मागे परिशिष्टात जातात. मग या राजकारणाचा पत्ताच लागत नाही.

म्हणून पीडीएफ वाचा, जरूर वाचा. मीही तेच करते. मूळ प्रतीचं प्रत्येक पान नीट स्कॅन केलेलं असेल, वेष्टनासकट, तर यातलं पुष्कळसं स्क्रीनवरही दिसतं. पण तो स्कॅन करायला जगात कुठेतरी एक मूळ प्रत शिल्लक असावी लागते. आणि ती शिल्लक राहते कारण कोणीतरी ती सांभाळते.

ओळखायची कशी?

थोडं तांत्रिक, पण मजेशीर. आपल्याकडे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत आपण फार फरक करत नाही. संग्राहक करतात. पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण हवं असतं. काही प्रकाशक ते स्पष्ट लिहितात, काही गुपचूप खुणा ठेवतात. ‘कलर’ छापणाऱ्या हार्पर कंपनीची पद्धत बघा. कॉपीराइटच्या पानावर दोन अक्षरं. पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. १९१२ म्हणजे एम, तिथून पुढे मोजत १९२५ म्हणजे झेड, मग १९२६ला पुन्हा ए. एकदा हा कोड कळला की जुनं पुस्तक उघडताना डिटेक्टिव्ह झाल्यासारखं वाटतं.

मग वेष्टन. ‘द वेअरी ब्लूज’चं वेष्टन मिगेल कोवारुबियास या मेक्सिकन चित्रकाराने काढलं. त्यावर पियानो वाजवणारा माणूस आहे. त्या काळी लोक पुस्तक घरी नेलं की वेष्टन फाडून टाकत. ते फक्त दुकानापुरतं, धूळ बसू नये म्हणून. त्यामुळे पुस्तकं राहिली, वेष्टनं गेली. हजारो डॉलरचा भाव त्या फाडल्या न गेलेल्या कागदाला आहे.

ज्यांनी भाव नसताना जमवलं

माझं मत खरं बदललं ते इथे. संग्राहक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लिलावात बोटं उचलणारा कोट्यधीश यायचा. मग मला आर्तुरो शॉम्बर्ग भेटला.

जन्म १८७४, पोर्तो रिको. लहानपणी शाळेतल्या एका शिक्षिकेने त्याला सांगितलं की काळ्या लोकांना इतिहासच नाही, त्यांच्यात कोणी थोर झालंच नाही. त्या एका वाक्याचा राग त्याने आयुष्यभर पोसला. न्यूयॉर्कला आला, एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करू लागला आणि पगारातून जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं गोळा करत सुटला. विक्रेत्यांना त्यांची किंमत कळत नव्हती, कारण मागणारंच कोणी नव्हतं. १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने १०,००० डॉलरला त्याचा संग्रह विकत घेतला. त्यात ५,००० हून अधिक पुस्तकं होती, ३,००० हस्तलिखितं होती. ती कुठल्या संगमरवरी मुख्यालयात गेली नाहीत. गेली हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत, जिथे शेजारपाजारची मुलं शाळा सुटल्यावर यायची. पुढे शॉम्बर्ग स्वतःच तिथे संग्रहाचा प्रमुख झाला.

दुसरी डोरोथी पोर्टर. १९३० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संग्रह तिच्या हाती आला. पुस्तक खरेदीला पैसे जवळजवळ नाहीत. ही बाई प्रकाशकांना पत्रं लिहायची, विक्रेत्यांकडे मागायची, लोकांच्या घरी माळे-तळघरं धुंडाळायची. पण तिचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. ग्रंथालयात पुस्तकांना ड्युई पद्धतीचे नंबर असतात, आपल्याही कॉलेजच्या लायब्ररीत असतात. अमेरिकन कवितेचा नंबर ८११. पण कवी कृष्णवर्णीय असेल तर? जेम्स वेल्डन जॉन्सन यांचा कवितासंग्रह तिला इतर ग्रंथालयांत ३२५ खाली लावलेला दिसला. तो नंबर वसाहती आणि स्थलांतराचा. शेजारी ३२६, गुलामगिरी. म्हणजे माणसाने कविता लिहिली तरी ती कविता नाही, ती ‘समस्या’! पोर्टरने हे नंबरच झुगारले आणि आपल्या संग्रहात कवितेला कवितेच्या जागी बसवलं.

मला हा किस्सा कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. अपमान कधी कधी शिवीतून होत नाही, पुस्तकाच्या पाठीवरच्या तीन आकड्यांमधून होतो. आणि त्याला उत्तरही तिथेच देता येतं.

याला एक तिसरी बाजूही आहे, ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्याची प्रस्तावना मी वर टोचून उल्लेखली, तो गोरा कार्ल व्हॅन व्हेक्टन. त्याने पत्रं, पुस्तकं, फोटो यांचा प्रचंड संग्रह केला आणि १९४१ मध्ये तो जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या नावाने येल युनिव्हर्सिटीला दिला. ह्यूजचे कागदही पुढे तिथेच गेले. आज या काळाचा अभ्यास करणाऱ्याला येलला जावंच लागतं. चांगलं की वाईट? दोन्ही. कागद वाचले, हे चांगलं. पण हार्लेमच्या पोराला ते बघायला श्रीमंत युनिव्हर्सिटीचं दार ठोठवावं लागतं, हेही खरं.

तर माझं म्हणणं काय?

संग्रह करणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. मी प्रत्येक संग्राहकाला तीन प्रश्न विचारीन. एक, तू हे भाव येण्याआधी जमवलंस की भाव आल्यावर? दोन, यातलं तू वाचलंयस का? तीन, हे बघायला कोण येऊ शकतं?

शॉम्बर्ग आणि पोर्टर तिन्हींत पास होतात. सीलबंद तिजोरीत ‘ॲसेट’ म्हणून पुस्तक ठेवून दहा वर्षांनी दुप्पट भावाने विकणारा तिन्हींत नापास. शेअर घ्या, सोनं घ्या, फ्लॅट घ्या, तुमची मर्जी. पण कवितेला लॉकर कशाला?

लँग्स्टन ह्यूजनेच याचं उत्तर देऊन ठेवलंय. १९३१-३२ मध्ये तो दक्षिणेतल्या राज्यांत कवितावाचनाच्या दौऱ्यावर निघाला. शाळा, कॉलेजं, चर्च. तिथल्या लोकांना महागडं पुस्तक परवडणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने ‘द वेअरी ब्लूज’ची एक डॉलरची स्वस्त आवृत्ती प्रकाशकाकडून काढून घेतली आणि ‘द निग्रो मदर’ ही पुस्तिका तर २५ सेंटला विकली. जो कवी २५ सेंटला पुस्तक विकायला गाडी घेऊन गावोगाव फिरला, त्याच पुस्तिकेला संग्राहकांनी आता दुर्मीळ वस्तूचा दर्जा दिलाय. ह्यूज हसला असता की चिडला असता, मला ठरवता येत नाही.

यावर एक मुद्दा मित्राने काढला आणि तो मला खोडता आला नाही. तो म्हणाला, ‘भाव आला म्हणून तर लोक आता असली पुस्तकं फेकत नाहीत. कोणाच्या आजीच्या ट्रंकेत सापडलं तर पहिले विचारतात, याला काही मिळेल का?’ बरोबर आहे. बाजार वाचवतो. पण बाजार उशिरा येतो. जोपर्यंत तो येतो तोपर्यंत बरंचसं जळालेलं, भिजलेलं, फेकलेलं असतं. आणि मग उरलेल्या दोन-चार प्रतींवर बोली लागते. बाजाराच्या आधी यायला वेडी माणसं लागतात.

आणि आता माझी गोष्ट

हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. थोरल्या काकांच्या माळ्यावर लिटल मॅगझिनचे गठ्ठे होते. साठ-सत्तरच्या दशकांतले. काही छापील, काही सायक्लोस्टाइल केलेले, कडा कुरतडलेल्या. काका गावी होते. टेम्पो खाली उभा. मी आणि माझ्या भावाने ते सगळे रद्दीत दिले. किलोवर. त्या पैशांत आम्ही वडापाव खाल्ला. काका आल्यावर त्यांना सांगितलं, तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘असू दे गं. वाचून झाले होते माझे.’

वाचून झाले होते माझे. तुझे नव्हते, असं ते म्हणाले नाहीत. पण मला तेच ऐकू आलं.

नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं की त्यातल्या एका अंकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवींच्या कवितांचे मराठी अनुवाद होते. कुठला अंक, त्यांना आठवत नाही. मला शोधायचा कसा, कळत नाही. सात समुद्रांपलीकडे डोरोथी पोर्टर माळे धुंडाळत फिरली आणि मी माझ्याच घराचा माळा रिकामा केला.

हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाहीये. ज्या डु बॉइस यांनी ‘ब्राँझ’ला प्रस्तावना लिहिली, ज्यांच्या ‘क्रायसिस’ मासिकात १९२१ मध्ये ह्यूजची नदीवरची सुप्रसिद्ध कविता आली, त्याच डु बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज ठेवला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डु बॉइस यांनी उत्तरही दिलं. हा पत्रव्यवहार आज आपण वाचू शकतो कारण डु बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीने सांभाळले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. दारात कोण उभं आहे, हा प्रश्न मग मला तिथेही पडला. तुम्हीही विचारून बघा. त्यासाठी मात्र पहिली आवृत्ती हातात यावी लागते.

करायचं काय?

‘द वेअरी ब्लूज’ विकत घ्यायला कोणी सांगत नाहीये. आपल्या खिशात बस पासचे पैसे असतात. पण शॉम्बर्गही टपाल विभागातच कामाला होता.

आज ज्याला भाव नाही, ते बघा. घरातला माळा, आजोबांची पेटी, फुटपाथवरचा ढीग, कॉलेजची जुनी नियतकालिकं, आंदोलनात वाटलेली पत्रकं, स्वखर्चाने छापलेले पातळ कवितासंग्रह. एखादी गोष्ट निवडा, सगळं जमवायला जाऊ नका. मिळालं की कुठे, कोणाकडून, कधी मिळालं ते पेन्सिलने एका वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. पुस्तकावर पेन चालवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते. उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवा. वेष्टन फेकू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचा नीट फोटो काढा, मुखपृष्ठ-मलपृष्ठासकट, जाहिरातींसकट, किमतीसकट. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोणी बघायला मागितलं तर दाखवा. नाहीतर तुमच्यात आणि त्या लॉकरवाल्यात फरक काय?

हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावर आज शॉम्बर्ग सेंटर उभं आहे. एक कोटीहून अधिक वस्तू तिथे आहेत. आत शिरलं की दालनाच्या फरशीवर नद्यांचं एक मोठं वर्तुळाकार चित्र कोरलंय, शॉम्बर्ग आणि ह्यूज या दोघांच्या आठवणीत. त्या फरशीखाली लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. रोज शाळकरी मुलं, अभ्यासक, पेपर वाचायला आलेले म्हातारे त्यावरून चालत पुस्तकांकडे जातात.

मी आता थोरल्या काकांबरोबर रविवारी जुन्या पुस्तकांच्या ढिगांत बसते. तो अंक अजून मिळालेला नाही. काका म्हणतात, मिळेल. तुमच्या माळ्यावर असेल तर प्लीज, रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा उघडून बघा.